शीनच्या खणातलं कार्ड

आमच्या वाचनालयात पुस्तकाला बोट लावण्याआधी बोटं दाखवावी लागत. नियम माझा होता. चौकशीच्या टेबलाशी यायचं, दोन्ही हात पुढे करायचे, आणि मी मान हलवली तरच आत जायचं. प्रोफेसर असो नाहीतर धर्मगुरू रब्बी, नखात काही दिसलं की सरळ बेसिनकडे रवानगी. लोक माझ्या पाठीमागे मला 'नजीमा साबण' म्हणायचे. म्हणेनात का. जेरुसलेममध्ये इतकी वाचनालयं आहेत, ज्याला माझा साबण नको त्याने दुसरीकडे जावं.

माझं खरं काम कार्डं लिहिण्याचं. युद्धानंतर युरोपातून पेट्या भरभरून पुस्तकं इथे आली, त्यांच्यावर हे वाचनालय उभं राहिलं. ज्यांची पुस्तकं होती, ती माणसं राहिली नव्हती. म्हणून प्रत्येक पुस्तकाच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला एक निळा शिक्का आहे: बेवारस. आपण रोज बघतो ती गोष्ट दिसेनाशी होते, तसा मला तो शिक्का दिसेनासा झाला होता. मला दिसायचं ते पुस्तकाचं नाव, छापखाना, गाव, साल आणि पानांची संख्या. एका आवृत्तीला एक कार्ड. त्याच आवृत्तीच्या दहा प्रती असल्या तर खालच्या कोपऱ्यात दहाचा आकडा घालायचा, संपलं. कार्ड आवृत्तीचं असतं, प्रतीचं नसतं. नवीन लागलेल्या मुलींना मी हे पहिल्याच दिवशी घोकून घ्यायला लावायची.

त्या वर्षी जागेची बोंब झाली. कॉम्प्युटर येणार, कॉम्प्युटर येणार म्हणून दोन खोल्या रिकाम्या करायच्या होत्या. आमचे संचालक डॉक्टर एल्काना यांनी फर्मान काढलं की जादा प्रतींतली सगळ्यांत स्वच्छ तेवढी ठेवायची आणि बाकीच्या पुरायला द्यायच्या. देवाचं नाव छापलेलं पुस्तक आम्ही रद्दीत घालत नाही, जाळत नाही, माणसाला देतात तशी मातीच देतो. वल्हांडणाच्या सणाआधी घरोघरची, देवळादेवळांतली फाटकी पुस्तकं गोळा करायला गाडी फिरते, तीच आमच्या दारात येणार होती. खरं सांगायचं तर मला आनंदच झाला होता.

आणि गोणीत सगळ्यांत आधी कुठली पुस्तकं भरावीत, याबद्दल माझं मत पक्कं होतं. वल्हांडणाच्या पोथ्या. त्या रात्री सगळं घर टेबलाभोवती बसतं, मिसरमधून, इजिप्तच्या गुलामीतून, आपण ज्यू कसे सुटलो ते पोथीतून वाचतं, आणि ते जेवणाच्या ताटाशेजारी, वाइनचे चार चार पेले रिचवत. मग पोथीची काय दशा होणार. त्यातून मिसरवर आलेल्या दहा पीडांची नावं येतात, तेव्हा एकेका नावाला पेल्यातला एकेक थेंब कमी करायचा असतो. आमच्या बगदादच्या घरात हे काम आई करायची. वाडग्यात वाइन ओतायची, तिकडे बघायचं नाही, हात लावायचा नाही, आणि शेवटी ते वाडगं मोरीत उपडं. पीडा घराबाहेर गेली पाहिजे. युरोपातले लोक मात्र बोट बुडवून थेंब ताटलीत टाकतात, निम्मे पोथीवर सांडतात, आणि ती पोथी मिटून वर्षभर कपाटात ठेवतात. पीडा उशाशी घेऊन या लोकांना झोप तरी कशी लागते, असं मी आमच्या फोटोवाल्या येरुहामला विचारायची. तो म्हणायचा, आमच्यात वल्हांडणात भात वर्ज्य, तुम्ही बगदादवाले खुशाल खाता, त्यानेच आम्हाला झोप लागत नाही.

तर एका आवृत्तीच्या तेरा पोथ्या होत्या. व्हिएन्नाची स्वस्त छपाई, जाडेभरडे ठसे, मिसरमधून लोकांना सोडवून आणणाऱ्या मोशेच्या काठीला ढोपरासारखी गाठ. बारा डागाळलेल्या आणि एक अगदी कोरी, लखलखीत. ती कोरी प्रत माझ्या लाडाची. सणाच्या प्रदर्शनात दर्शनी काचेच्या पेटीत तीच मांडायची ठरली होती. तिच्यातल्या मोशेचं चित्र पोस्टरवर छापून बसथांब्यांवर लावलं होतं.

ते पोस्टर बघून हेन्या आली.

पासष्टीची बाई, बुटकी, अंगावर स्वतः शिवलेला नेटका कोट, हातात भाजीची पिशवी. टेबलाशी येऊन तिने एकच हात पुढे केला, उजवा. मी म्हटलं, दोन्ही. तिने पिशवी खाली ठेवून दुसराही केला. शिवणकामाने तर्जनीचं टोक खरखरीत झालेलं होतं, पण स्वच्छ. मी तिला कुठलं पुस्तक वाचायचंय म्हणून विचारलं.

"अगं पोरी, मला वाचायचं काही नाही," ती म्हणाली. "मला एक डाग बघायचाय."

पन्नाशीच्या बाईला पोरी म्हणणारी भेटली म्हणून की काय, माझी जीभ सुटलीच. "डाग दाखवायला लोक धोब्याकडे जातात, बाई."

"गेले असते," ती म्हणाली, "पण धोबी तो काढून टाकेल ना."

मी तिला खुर्ची दिली, लिंबू पिळलेला चहा मागवला, आणि तिने जे सांगितलं ते ऐकत बसले.

तिचं गाव कार्पेथियन डोंगरातलं, लाकूडतोड्यांचं. बाप येहेझ्केल, करवतीच्या कारखान्यात हिशेबनीस. घरात ही व्हिएन्नाची पोथी होती. हेन्या पाच वर्षांची असताना, पीडांची नावं चालू असताना तिने वाइनमध्ये बोट बुडवलं आणि ताटलीऐवजी सरळ पानावर टेकवलं. एकेका नावासमोर एकेक, बाहेरच्या समासात दहा बोटं ओळीने उमटवली. आई ओरडायला उठली, पण बाप हसला. म्हणाला, राहू दे, पोरीने पोथीवर आपली मोहोर मारली. पोथीवर नाव लिहायचं नाही अशी बापाची चाल होती. नाव लिहिलं की देव ते वाचतो आणि बोलावतो, असं काहीतरी त्याच्या मनात होतं. पुढच्या वर्षी हेन्याची आई वारली. बापाने दुसरं लग्न केलं आणि काही वर्षांनी शाये जन्माला आला, हेन्याचा सावत्र भाऊ. सावत्र हा शब्द तिने एकदाच, माझ्या समजुतीपुरता वापरला. शाये तिच्याच कडेवर वाढला होता.

युद्धातल्या त्यांच्या शेवटच्या वल्हांडणाला शाये चार वर्षांचा होता. हेन्याने त्याला मांडीवर घेतलं, आपली बोटं दाखवली आणि म्हटलं, आता तू. त्याने आतल्या समासात, शिवणीजवळ आपली बोटं उमटवली. सण संपला, आणि शिपाई दारात आले. गावातली सगळी पुस्तकं देवळात ढीग करून टाकली, माणसं विटांच्या भट्टीच्या आवारात नेली आणि तिथून गाडीत घातली. छावणीत उतरल्यावर हेन्याला एका बाजूला ढकललं, शाये आणि त्याची आई दुसऱ्या बाजूला गेली. तिने ते एवढ्याच शब्दांत सांगितलं.

शायेचा फोटो नाही. त्या गावात फोटो काढायला कोण येणार होतं. बाप किंवा शेजारपाजारचं कुणी परतलं नाही. तिचा नवरा गेला, मुलगा होलोनला राहतो, तो बिचारा ऐकून घेतो, पण त्याच्यासाठी ते एक नाव आहे.

"त्याचं नाव मी युद्धात मारलेल्यांच्या स्मारकाच्या लोकांना लिहून दिलंय," हेन्या म्हणाली. "पण ते मीच लिहिलंय ना. माझ्याशिवाय त्याला पाहिलेलं माणूस जगात उरलेलं नाही. मी गेले की तो कधी नव्हताच. मला एवढंच हवंय की माझ्या डोक्याबाहेर त्याचं काहीतरी असावं."

मी तिला सरळ सांगितलं की आशा धरू नका. अशा पोथ्या हजारोंनी छापल्या होत्या, घरोघर होत्या, जळाल्या, भिजल्या, शेकोटीत गेल्या. तिने मान डोलावली. मग मी आठवून पाहिलं, तर आमच्या पोथ्या ज्या पेट्यांतून आल्या त्यांतल्या काही कार्पेथियन भागातल्याच होत्या. हे मी तिला सांगायला नको होतं, पण तोंडातून निघून गेलं. तिच्या चेहऱ्याकडे मला बघवेना.

गोणीत भरलेल्या बाराही पोथ्या मी काढून आणल्या. ती एकेक घ्यायची, पान न चाळता नेमकी पीडांच्या ठिकाणी उघडायची. डाग काय थोडे होते. शिंतोडे, पेल्याच्या बुडाची वर्तुळं, कुणाचं तरी सूप. हेन्या प्रत्येकावर वाकून बघायची आणि हलकेच मिटून उजवीकडे ठेवायची. एका पोथीशी ती खूप वेळ थांबली. पण ती म्हणाली, नाही, हे कुणीतरी मोठ्या माणसाने सांडलंय. बाराव्या पोथीनंतर तिने आणखी आहे का म्हणून विचारलं. मी काचेच्या पेटीकडे बोट दाखवलं आणि म्हटलं, एक आहे, पण ती कोरी आहे, तिच्यावर डागाचं नाव नाही.

ती पेटीजवळ गेली, काचेतून मोशेकडे बघत उभी राहिली. "नको," ती म्हणाली. "आमची पोथी कधी कोरी नव्हती."

जाताना तिने मला विचारलं की या गोण्या कधी जाणार. मी म्हटलं, गुरुवारी. चांगलं झालं, ती म्हणाली, माती तरी मिळेल. टेबलावर चहाच्या पेल्याचं ओलं वर्तुळ उठलं होतं, ते तिने कोटाच्या बाहीने पुसलं, आणि पिशवी उचलून निघून गेली. मला इतका संताप आला म्हणता! कुणाचा ते कळेना. संध्याकाळपर्यंत मी दोन मुलींना रडवलं आणि येरुहामशी भांडले.

घरी आई तांदूळ निवडत बसली होती. वल्हांडणात आंबू शकणारं धान्य घरात चालत नाही, तांदळात गव्हाचा एक दाणा जाता कामा नये, म्हणून आई ते तीनतीनदा निवडते. मी तिला सगळं सांगितलं. मला वाटलं, पीडेला बोट लावलं हे ऐकून ती नाक मुरडेल. ती ताटातून नजर न काढता म्हणाली की त्या पोरीला बोट कुणी लावू दिलं, आईने तिला आवरलं कसं नाही. मग जरा थांबून म्हणाली, तुझा भाऊ तसं करायला गेला असता तर मी त्याचा हात धरला असता. माझा भाऊ हैफाला सुखाने आहे, तीन मुलांचा बाप. मी आईला म्हटलं, आणि माझा? आई म्हणाली, तू काय, तू मुलगी. आणि तांदूळ निवडत राहिली.

दुसऱ्या दिवशी काचेची पेटी पुन्हा मांडायची होती. डॉक्टर एल्कानांना मोशे नको होता, पीडांचं पान उघडून ठेवायचं होतं, कारण त्यावर बेडकांचं चित्र आहे. मी माझी लाडकी प्रत बाहेर काढली आणि पानं उलटायला लागले.

पान वाजलं नाही.

कागदाच्या माणसाला हे सांगावं लागत नाही. त्या काळचा कागद उलटताना खडखडतो, कारण त्याला खळ दिलेली असते. हे पान हातात धुतलेल्या रुमालासारखं पडलं. मी दुसरं उलटलं, तिसरं उलटलं, सगळी तशीच मऊ. मग मी कोपरे बघितले. प्रत्येक पानाचा खालचा डावा कोपरा, आमच्या लिपीत पान तिथूनच उलटतात, झिजून गोल झालेला, पातळ झालेला, म्हणजे अंगठ्याने वर्षानुवर्षं उलटलेला. पोथी भरपूर वापरलेली होती. आणि इतक्या वापरलेल्या पोथीवर वाइनचा एक थेंब नाही? शिवणीत सणाच्या कोरड्या पोळीचा एक कण नाही? चार पेले पिणाऱ्या कुठल्या घरात असं होईल? इतकी वर्षं मी ही प्रत पाहुण्यांना दाखवत होते, किती स्वच्छ, किती जपलेली, आणि माझ्या टाळक्यात उजेड पडला नव्हता. ही पोथी कोरी नव्हती, धुतलेली होती.

आमच्याकडे माझ्या आधी एक बांधणीवाला होता. तो कधीच वारला. त्याला स्वच्छतेचं वेड होतं असं जुनी माणसं सांगायची. पुस्तक उसवायचं, पानं पाण्यात घालायची, कसलीशी पूड टाकायची, वाळवायची, पुन्हा शिवायची. त्याच्या हातून निघालेलं पुस्तक म्हणे नव्यासारखं दिसायचं. त्या माणसाला नावं ठेवायला माझी जीभ रेटेना. मी त्याच्या जागी असते तर मीच बादली भरून दिली असती.

मी पोथी कापडात गुंडाळून येरुहामच्या काळ्या खोलीत गेले. त्याच्याकडे एक जांभळा दिवा होता. पुसट झालेली शाई त्याच्या उजेडात वर येते, जुनी हस्तलिखितं वाचायला तो वापरायचा. कालच्या भांडणामुळे त्याने आधी तोंड वाकडं केलं, पण माझा चेहरा बघून पडदा ओढला. दिवा लागला. पान निळसर उजळलं, आणि बाहेरच्या समासात, ओळीने, एकाखाली एक, काळसर ठिपके उभे राहिले. लहान मुलाच्या बोटाएवढे. येरुहाम मोजायला लागला. दहा. मग मी पान जरा तिरकं केलं, आणि शिवणीजवळ दुसरी रांग दिसली. ठिपके आणखी बारीक. मी मोजले, येरुहामने मोजले, पुन्हा मी मोजले.

नऊ होते.

दहावं बोट नव्हतं. दहाव्या नावाशी नुसती एक पुसट रेघ होती, बाहेरच्या बाजूला गेलेली. येरुहाम म्हणाला, धुण्यात गेला असेल. पण बाकीचे नऊ टिकले, दहाव्यालाच पाणी कसं लागलं? मला वाटलं, ही त्यांची पोथी नसेल. आणखीही घरं असतील, आणखीही पोरं असतील. हेन्याने दोघांची बोटं म्हटलं होतं, नऊ म्हटलं नव्हतं. तिला उगाच बोलवावं आणि पुन्हा बाहीने टेबल पुसून जाताना बघावं, हे माझ्याच्याने होणार नव्हतं. पण न बोलवावं तरी कसं? मी फोन लावला. म्हटलं, हेन्याबाई, दोन रांगा सापडल्यात, पण दुसरी अपुरी आहे, एक कमी आहे, तेव्हा तुमची नसावी, मनाची तयारी ठेवा. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

मग ती म्हणाली, "मी निघाले."

ती आली तेव्हा तिच्या कोटाच्या गुंड्या उलटसुलट लावलेल्या होत्या. टेबलाशी तिने आपणहून हात पुढे केले. मी ते दोन्ही हात हातात धरले आणि तिला तशीच आत घेऊन गेले. येरुहामने दिवा लावला आणि भिंतीशी सरकून उभा राहिला.

ती वाकली. आधी बाहेरची रांग बघितली, नुसती ओळखीचं माणूस बघावं तशी. मग शिवणीकडे नजर नेली. मोजताना तिचे ओठ हलत होते. शेवटच्या रेघेशी ती थांबली.

"मी तुला सांगितलं नाही," ती म्हणाली. "आजवर कुणालाच सांगितलं नाही. दहावी पीडा थोरल्या मुलांच्या मरणाची. शाये त्याच्या आईचा पहिला मुलगा होता. नऊ बोटं तिने टेकवू दिली. दहाव्याला त्याने बोट बुडवलं, पानाशी नेलं, आणि तिने झडप घालून त्याचं मनगट ओढलं. त्याला नाही, त्याला नाही, म्हणाली. तो रडला. बोट असं ओढत गेलं."

तिने हवेतच बोट बाहेरच्या बाजूला नेलं. पानावरची रेघ तशीच होती.

मी बाहेरच्या रांगेतल्या दहाव्या ठिपक्याकडे बघितलं. तो ठळक होता, चांगला दाबून उमटवलेला.

"मीपण पहिलीच होते," हेन्या म्हणाली. "आईची पहिली, बापाची पहिली. पण मुलगी. माझा हात कुणी धरला नाही."

येरुहाम खोलीच्या बाहेर निघून गेला. मला माझ्या आईचं तांदळाचं ताट आठवलं. हेन्याने विचारलं, हात लावू का? इतक्या वर्षांत त्या खोलीत उघड्या पानाला मी कुणाला हात लावू दिला नव्हता, डॉक्टर एल्कानांनासुद्धा नाही. मी म्हटलं, लावा. तिने ते खरखरीत बोट पहिल्या बारक्या ठिपक्यावर ठेवलं. ठिपका पूर्ण झाकला गेला. मग दुसऱ्यावर ठेवलं, मग तिसऱ्यावर, सावकाश, जणू त्याचं बोट धरून नेत होती. नवव्याशी थांबली. मग माझा हात धरून तिने माझंही बोट तिथे टेकवलं. पीडेला हात लावायचा नाही म्हणून वाढलेली मी, लावला.

बाहेर आल्यावर मी पोथी कापडात गुंडाळली आणि तिच्या पिशवीत घालायला लागले. कुणाला विचारलं नाही. आत बेवारस शिक्का आणि समोर वारस बसलेली, मग विचारायचं कुणाला? एल्काना बोंबलले असते तर बोंबलू दिलं असतं. पण हेन्याने पिशवी मिटून धरली.

"मी घरी नेऊन काय करू? माझ्याकडे जांभळा दिवा आहे का?" ती म्हणाली. "मला ती कोरीच दिसणार. आणि मी गेले की माझी सून ती गोणीत टाकेल. सून चांगली आहे, पण टाकेल. तुमच्याकडे माणसं येतात, शोधतात. तुम्ही त्याला इथे ठेवा. कुणी शोधलं तर सापडेल असा ठेवा."

सापडेल असा ठेवायचा म्हणजे कार्ड.

मी त्याच दुपारी लिहायला बसले. नेहमीसारखं छापखाना, गाव, साल, पानं. खाली लिहिलं, पीडांच्या पानावर वाइनची बोटं, धुतलेली, दिव्यात दिसतात; बाहेरच्या समासात दहा, आतल्या समासात नऊ. मग मालकांची दोन वेगळी कार्डं केली, एक हेन्याचं आणि एक शायेचं. पुस्तक पूर्वी कुणाच्या मालकीचं होतं ते कळलं तर त्या माणसाच्या नावाने कार्ड करायची आमची पद्धत आहेच, पण त्याला पुरावा लागतो.

डॉक्टर एल्कानांनी नेमकं तेच धरलं. ते वाईट नाहीत, नियमाचे आहेत, आणि तो नियम त्यांना मीच शिकवला होता. चष्मा कपाळावर सारून म्हणाले, नजीमा, सही नाही, नाव नाही, शिक्का नाही, चार वर्षांच्या मुलाला पूर्वीचा मालक कसं लावता येईल? मी म्हटलं, नियमात सही, नाव किंवा मोहोर असं आहे. मोहोर आहे, नऊ ठिकाणी मारलेली आहे, आणि ती मोहोर आहे असं घरच्या कर्त्या माणसाने साक्षीदारांसमोर म्हटलेलं आहे. साक्षीदार खाली चहा पितेय, बोलावू का? त्यांनी कार्ड पुन्हा वाचलं. मग चष्मा डोळ्यांवर घेतला आणि ते मला परत दिलं. गुरुवारच्या गाडीचं काय, असं मी विचारलं. ते म्हणाले, गाडीला परत पाठव, त्या बारा पोथ्याही आधी दिव्याखाली बघून घे.

कार्डावर मी लिहिलं: शाये, येहेझ्केलचा मुलगा, आईचा पहिला. मालक. खाली पोथीचा क्रमांक. ते मी शायेच्या पहिल्या अक्षराच्या, शीनच्या खणात अक्षरक्रमाने लावलं. त्याच्या पुढे एक मोठा रब्बी आहे ज्याने चाळीस ग्रंथ लिहिले, आणि मागे त्याहून मोठा. मधे हा.

वल्हांडण झाल्यावर हेन्या आली. पोथी मागितली नाही, दिवा मागितला नाही. शीनचा खण ओढला, कार्डांच्या कडांवरून बोट नेत गेली आणि नेमकी तिथे थांबली. वाचलं, खण लावला, मला विचारलं की तुमच्याकडचा भात कसा झाला, आणि गेली. पुढे ती येतच राहिली. कधी भाजी घेऊन, कधी पावसात छत्रीतून ठिबकत. तिचे हात बघायचं मी सोडून दिलं.

हेन्याला जाऊन आता चार वर्षं झाली. कॉम्प्युटर आला, सगळी कार्डं त्यात चढवली, आणि जुने खण फेकू नयेत म्हणून मी भांडून ते ठेवून घेतले. सणाच्या आधी मी अजूनही स्वतः कार्डं तपासते. मळलेलं, दुमडलेलं कार्ड दिसलं की काढून नवं लिहिते. शीनच्या खणात एकच कार्ड वरच्या कडेला काळं पडलंय. ते मी तसंच ठेवलंय.